अंजीरआक्का

आमच्या सदलग्यात जैनांची घरं सोडली, तर अंजीरआक्कांच्या हातचं सुकं अंजीर खाल्लं नाही असं घर शोधून सापडलं नसतं. आणि खुद्द आक्कांनी जन्मात अंजिराचा एक कण जिभेवर ठेवला नव्हता. मी नवी नवरी होऊन खानापूरकडून त्या गल्लीत आले, तेव्हा मला ही थट्टाच वाटली. शेजारच्या परसात अंजिराची झाडं, माळवदावर सुपंच्या सुपं भरून अंजिरं, घरभर तो गोड वास, आणि म्हणे चव ठाऊक नाही! एकदा मी लाडात येऊन एक मऊसूत फळ त्यांच्या तोंडापुढं नेलं. आक्का निखाऱ्यावर पाय पडावा तशा मागं सरल्या. माझ्या सासूबाईंनी मला असा चिमटा काढला, की दोन दिवस दंड काळानिळा होता.

मग सासूबाईंनीच समजावलं. वड, पिंपळ, उंबर, पायर आणि अंजीर या पाच झाडांची फळं जैनांत खात नाहीत. फळाच्या पोटात बारीक जीव असतात, ते दातांखाली मरतात. आक्का तर धर्माच्या भारी कडक. पाणी दुपदरी फडक्यातून गाळल्याशिवाय पायावरसुद्धा घ्यायच्या नाहीत, आणि दिवस मावळला की तोंड बंद. "मग झाडं कशाला ठेवलीत?" मी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "ते तिलाच इच्यार कवातरी. पर आत्ता न्हवं."

चव न घेता फळ पिकलेलं कसं ओळखायचं, याचं त्यांचं शास्त्र निराळं होतं. त्या फळाकडं आधी बघायच्याच नाहीत, त्याच्या देठाकडं बघायच्या. अंजीर कच्चं असलं की ताठ असतं, पिकलं की मान टाकतं. "झाडानं मान खाली घातली की मग आपन हात वर करायचा," असं म्हणून त्या बोटाच्या टोकानं फळ नुसतं उचलायच्या, आणि ते आपणहून हातात यायचं. मी एकदा घाईनं ओढून तोडलं, तर देठातून पांढरा चीक भळकन माझ्या मनगटावर आला आणि कातडी जळल्यासारखी झाली. आक्कांनी खोबरेल आणून चोळलं, पण बोलायचं सोडलं नाही. "तडी, तडी म्हनून वरडतोय मी, आन ही आपली म्हैस वढल्यागत वढतीया!" तडी म्हणजे कानडीत थांब. आणि 'वरडतोय मी' हे तिकडच्या बायकांचं नेहमीचंच बोलणं, बाप्यासारखं. आक्का रागावल्या की त्यांची मराठी संपायची आणि कानडी सुरू व्हायची. त्यातली निम्मी मला कळायची नाही ते एका परीनं बरंच होतं.

फळं उतरवली की आक्का ओसरीवर उजेडात बसायच्या आणि एकेक अंजीर अंगठ्यांनी हलकं उकलून आत बघायच्या. साऱ्या गावात त्यांच्या या उकलण्याची चेष्टा चालायची. त्या मात्र शांतपणे सांगायच्या, "आत कोन ऱ्हात असंल तर त्येला घर सोडाय सांगाय पायजे न्हवं?" अळी दिसली की ते फळ वेगळ्या पाटीत. ती पाटी त्या स्वतः झाडाच्या बुंध्याशी सावलीत नेऊन ओतायच्या, आणि मुंग्यांवर पाय पडू नये म्हणून खाली बघत बघत परत यायच्या. चांगली फळं पुन्हा मिटवून मिठाच्या कोमट पाण्यातून काढायची आणि माळवदावर सुपांत मांडायची. वर विरळ फडकं, माशी बसू नये म्हणून आणि मधमाशी चिकटून मरू नये म्हणूनही. उन्हं डोक्यावर आली की सगळी उलथायची, आणि दिवस मावळायच्या आत सुपं खाली. दिव्यावर पाखरं येतात, म्हणून अंधारात त्यांनी कामाला कधी हात लावला नाही.

एवढं करूनही नजरेतून काही सुटणारच, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून पहिलं फळ उतरवलं की शेवटची बरणी बांधून होईपर्यंत आक्का मीठ सोडायच्या. दोन महिने आळणी भाकरी, आळणी आमटी. एकीकडं अंजिरांसाठी मिठाचं पाणी कालवायचं आणि आपल्या ताटात मीठ नाही! मला ते बघून कसंतरी व्हायचं. एकदा न राहवून म्हणाले, "आक्का, अहो जीव घेताय की काय स्वतःचा?" त्या म्हणाल्या, "मी दुसऱ्यांचा घेतोय न्हवं? मग माजा थोडा गेला तर काय झालं?" मी सूप उचलून जिना चढले.

साठवणीत तर त्यांचा कुणावरच विश्वास नव्हता. अंजीर चिमटीत दाबलं तर रस यायला नको आणि वाकवलं तर मोडायला नको, असं वाळलं की ते आधी टोपलीत झाकून ठेवायचं. आतला ओलावा सगळीकडं सारखा पसरतो आणि फळाला घाम येतो, मग त्याला पुन्हा एक ऊन द्यायचं. त्यानंतर चिनी मातीच्या बरणीत अंजिराचा एक थर आणि कडुनिंबाच्या वाळल्या पाल्याचा एक थर, आणि तोंडावर झाकण ठेवून वर फडक्याचा दादरा. ओल्या हातानं बरणीला शिवणाऱ्याची खैर नसे. श्रावणात एखादा दिवस उघडीप पडली, की देवदर्शनाला निघालेल्या आक्का वाटेतून परत फिरायच्या आणि बरण्या उन्हाला काढायच्या.

ही अंजिरं जायची कुणाकडं? तर बाळंतिणींकडं, पोटुशा बायकांकडं, अंगात रक्त नाही म्हणून भिंतीला धरून चालणाऱ्या पोरींकडं. गावचे वैद्य सरळ सांगायचे, "आक्कांच्याकडं जा." आक्का मात्र कुणाला एकदम ओंजळभर देत नसत. चार दिवसांपुरती द्यायच्या आणि संपली की त्याच बाईनं परत यायचं. ती आली की तिला उजेडात उभी करायची, डोळ्याची खालची पापणी ओढून बघायची आणि पुटपुटायचं, "अजून पांढरंच हाय." रात्री भिजत घालायची, सकाळी पाण्यासकट खायची, हे प्रत्येकीला दर वेळी नव्यानं सांगायचं. बायका कंटाळून हसायच्या, पण यायच्या. बदल्यात कुणी वाटीभर धान्य आणलं, तर ते त्यांच्यादेखत पाखरांना टाकलं जायचं.

घरच्यांना हे आवडत नव्हतं. त्यांचे दीर आदगोंडाअण्णा भिंतीपलीकडच्या सोप्यात राहायचे. मनानं माणूस सरळ, पण दर उन्हाळ्यात परसात उभे राहून एकदा तरी ओरडायचे, "वैनी, गावात आपली काय शोभा ऱ्हायली? श्रावकाच्या घरात अंजिराचा बाजार! यंदा कुऱ्हाड घालतोय बघा." आक्का म्हणायच्या, "घाला. मी झाडाला टेकून बसतोय." अण्णा तणतणत जायचे आणि त्यांची बायको चंपाक्का पदराआड हसायची. झाडं आक्कांच्या वाटणीतली, नवरा कधीच वारलेला, सांगणार कोण? असं ते वर्षानुवर्षं चाललं.

झाडं कशाला ठेवलीत, हे मी विचारायच्या आधी त्यांनीच मला सांगितलं. माझं दुसरं मूलही जन्मून दोन दिवसांत गेलं होतं. पहिलं तर सातव्या महिन्यातच गेलेलं. मी कुणाशी बोलत नव्हते. आक्कांनी मला हाताला धरून माळवदावर नेलं, सुपापुढं बसवलं आणि उलथायला लावलं. एक सूप उलथून झालं. मग मान वर न करता त्या म्हणाल्या, "माजी लेक सुमती अशीच पांढरीफटक पडली हुती. पहिलटकरीन. वैद्य म्हनले, अंजीर चारा. आमच्या ह्यांनी बेळगावच्या बाजारातनं काबुली अंजिराची पुडी आनली. मी ती घरात घेतली न्हाय. भायेरच्या कोनाड्यात ठिवली. म्हनलं, पोर मेली तरी चालंल, पर नेम मोडायचा न्हाय." त्यांचा हात थांबला. "तोंडातनं शब्द गेला आन पोर मेली. बाळंत व्हताना गेली. पुडी तितंच."

त्या परत उलथायला लागल्या. "मग वर्ष सरल्यावर कलमं आनून लावली. नेम माजा हाय, तो मी मरंपत्तोर मोडनार न्हाय. पर माज्या नेमापायी दुसऱ्याची पोर मराय नको." धर्मावर रागावल्या नाहीत, देवाला दोष दिला नाही. दोन्ही ओझी त्यांनी दोन खांद्यांवर घेतली आणि तशाच चालत राहिल्या. अशी बाई मी पुन्हा पाहिली नाही.

पुढं मला तिसऱ्यांदा दिवस गेले. आक्कांनी माझा ताबाच घेतला. रोज सकाळी भिंतीवरून वाटी यायची आणि मी संपवेपर्यंत त्या तिथंच उभ्या. मी तोंड वाकडं केलं की दम मिळायचा, "नाटकं कर तू. गिळ मुकाट्यानं!" आदल्या सालच्या बरण्यांना पावसाळ्यात बुरशी आली होती, त्यामुळं जुना साठा होळीलाच सरला. माझे दिवस भाद्रपदात भरणार होते. तोवर मला आणि गावातल्या आणखी दोघी-तिघींना पुरवायचं तर सगळी भिस्त त्या उन्हाळ्यात वाळणाऱ्या अंजिरांवर होती. झाडंही त्या साली नुसती लगडली होती.

आणि ऐन वैशाखात बातमी आली, की दिगंबर मुनिमहाराज विहार करत आमच्या गावी येताहेत. जैन गल्लीत आनंदाला पारावार राहिला नाही. बाहेरच्याला त्याचं मोल कळायचं नाही, म्हणून सांगते. महाराज दिवसातून एकदाच, उभ्यानं, हाताच्या ओंजळीत आहार घेतात. सकाळी श्रावक आपापल्या दारात कलश घेऊन उभे राहतात आणि 'नमोस्तु, नमोस्तु, अत्र तिष्ठ तिष्ठ', इथं थांबा थांबा, म्हणून त्यांना विनवतात. महाराज मुक्यानं चालत येतात, आणि त्यांच्या मनातल्या विधीशी, म्हणजे आधीच मनाशी धरलेल्या खुणेशी, ज्याचं दार जुळेल तिथं थांबतात. ज्याच्या दारी थांबले त्याच्या जन्माचं सोनं झालं. आक्का लग्न होऊन आल्यापासून या एका दिवसाची वाट बघत होत्या. आहाराची चांदीची वाटी त्यांनी मऊ फडक्यात गुंडाळून ठेवली होती. सणाला काढायच्या, पुसायच्या आणि परत ठेवायच्या. "एकदा माज्या हातनं महाराजांच्या वंजळीत घास पडला की मी सुटलो," असं म्हणायच्या. दुसरं काही त्यांनी कधी मागितल्याचं मला आठवत नाही.

बातमी आली त्याच दिवशी आदगोंडाअण्णा आले. या वेळी ओरडले नाहीत, उंबऱ्यावर बसले. म्हणाले, "वैनी, आहार देताना मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहारशुद्धी बोलावं लागतंय. माळवदावर हे असं असताना तुमी कसं बोलनार?" चंपाक्कानं माझ्याकडं बघत सुचवलं, "सुपं चार दिवस ह्या ताराच्या माळवदावर ठिवू या की." मी तर लगेच पदर खोचला. म्हटलं, आक्का, मी वाळवते सगळं, तुम्ही बघायलासुद्धा येऊ नका. आक्का उठून बाहेर पडल्या. तो सगळा दिवस त्या बस्तीत, म्हणजे जैनांच्या देवळात, जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी वाटी भिंतीवर आली तेव्हा म्हणाल्या, "सूप तुज्या माळवदावर गेलं, म्हनून माज्या हातनं मेलेला जीव उटून बसतोय व्हय? महाराजांच्या म्होरं शुद्ध म्हनायचं, तर आदी नेम घ्याय पायजे की पुन्यांदा अंजिराला हात लावनार न्हाय. झाडं तोडाय पायजेत. खोटं बोलून घास दिला तर तो घास न्हवं, पाप."

"मग घ्या की नेम!" मी कळवळून म्हणाले. "तोडा झाडं. माझं मी बघेन. जन्मभर वाट बघितलीत तुम्ही आक्का!"

त्यांनी माझी पापणी खाली ओढून बघितली. नेहमीसारखंच. मग म्हणाल्या, "महाराज परत येत्यात पोरी. पोटातलं पोर परत येत न्हाय. खा ती अंजिरं."

तो दिवस मी कशी विसरू? गल्ली सारवलेली, दारोदारी रांगोळ्या, पिवळे शालू नेसलेल्या बायका कलश घेऊन उभ्या. सगळ्या गल्लीत एकच दार बंद होतं. आक्कांनी ते आतून लावून घेतलं होतं, उघड्या दारात कुणी उभं नाही असं दिसून महाराजांचा अवमान होऊ नये म्हणून. आम्ही दोघी माळवदावर होतो. आहाराला निघाल्याची खूण म्हणून उजव्या हाताची बोटं खांद्यावर ठेवून महाराज संथ पावलांनी आले, आक्कांच्या बंद दारावरून पुढं गेले आणि शेजारच्याच दारात थांबले. आदगोंडाअण्णांच्या. खाली जयजयकार उठला. आक्कांनी कठड्याशी गुडघे टेकले, तीन वेळा नमोस्तु म्हटलं आणि डोकं तापलेल्या मातीला लावलं. एका भिंतीचं अंतर हो! मी रडायला लागले, तशा त्या उठल्या. "उलट गं," म्हणाल्या, "ऊन चाललंय."

दुपारी त्या अण्णांकडं गेल्या. मी सोबत होते. चंपाक्का वयानं लहान, मानानं धाकटी. आक्कांनी तिचे दोन्ही हात धरले आणि आपल्या डोळ्यांना लावले. म्हणाल्या, "ह्या हातांनी घास दिला. माज्या घरातलेच हात की गं हे." चंपाक्का ओक्साबोक्शी रडली. आदगोंडाअण्णा उठून परसात गेले. त्यांच्या तोंडून झाडांबद्दल पुन्हा एक वाकडा शब्द मी ऐकला नाही.

भाद्रपदात मला मुलगी झाली. ठणठणीत, आणि रडणं तर असं, की गल्लीच्या टोकाला ऐकू जावं. आक्कांनी तिला मांडीवर घेतली, तिच्या पापण्या उलट्या करून बघितल्या आणि मोठ्यानं हसल्या. एवढं मोठ्यानं हसताना मी त्यांना तेव्हाच पाहिलं. अनसूया हे नाव त्यांनीच सुचवलं. पुढं अनू चालायला लागल्यापासून दिवसभर त्यांच्याच ओसरीवर असायची. त्या बस्तीतून आल्या की तिला दोन स्तोत्रं म्हणून दाखवायच्या आणि ती बोबडी बोबडी म्हणायची.

महाराज परत येतील, येतील, असं म्हणत वर्षं गेली. ते तिकडं सांगलीकडं आहेत, कोल्हापूरकडं आहेत, असं कानावर यायचं. आक्का थकत गेल्या. शेवटी त्यांनी जैनांच्या सल्लेखनेच्या रीतीप्रमाणं एकेक पदार्थ सोडला, मग दूध सोडलं, मग नुसतं पाणी उरलं. चंपाक्का उशाशी बसून णमोकार मंत्र म्हणत होती. मी पायाशी होते. मला म्हणाल्या, "बरन्या उन्हाला काढ." ते त्यांचं शेवटचं बोलणं. घराला कुलूप लागलं. अंजिराचा हंगाम आला तेव्हा आदगोंडाअण्णांनीच पाट्या भरून फळं आमच्या अंगणात आणून ठेवली, आणि मी वाळवायला बसले.

त्यानंतरच्या थंडीत महाराज आले. पुन्हा गल्ली सारवली, पुन्हा रांगोळ्या, पुन्हा कलश. मी आमच्या दारात बाजूला उभी होते. अनू तेव्हा सहा-सात वर्षांची. ती कधी माझ्याजवळून सटकली ते कळलंच नाही. महाराज गल्लीत वळले आणि बघते तर काय, पोरगी आक्कांच्या कुलूपबंद दाराच्या पायरीवर उभी! हातात आमचा पितळेचा तांब्या, त्यावर कुठून तरी तोडून आणलेला पाला, आणि खणखणीत आवाजात ओरडतेय, "नमोस्तु, नमोस्तु! अत्र तिष्ठ, तिष्ठ!"

आम्ही मराठ्यांचे, जैन नव्हे, घर कुलपात, आणि पोरीनं हा काय आगाऊपणा मांडला! कुणीतरी तिला ओढायला पुढं झालं. आदगोंडाअण्णांनी आडवा हात धरला. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. त्या दाराची हाक बाकी हुती."

महाराज थांबले. त्यांनी अनूकडं पाहिलं, वर दाराच्या कुलपाकडं पाहिलं. मग ते हळूच पुढं निघाले आणि पलीकडच्या कुठल्या तरी दारी थांबले. कुणाच्या, ते मला आता आठवतही नाही. मी रडत होते, चंपाक्का रडत होती, आणि अनू तांब्या घेऊन पळत आली ती रुसूनच. "आई, महाराज जेवले न्हाईत आक्काच्या घरात!"

मी तिला उचलून घेतलं. म्हटलं, "थांबले होते की गं. आक्कांच्या दारात महाराज थांबले होते."